एसपी साहेब, रिपोर्टवर सही माझी होती

मा. जिल्हा पोलीस अधीक्षक साहेब,

नमस्कार.

मी तुमच्याच जिल्ह्यातला एक कास्तकार. साडेचार एकर वावर आहे, कापूस, तूर, सोयाबीन आणि पाणी साथ देईल तेवढा हरभरा. हाच मजकूर तुमच्या ऑफिसात दोनदा देऊन झाला, एकदा स्वतः येऊन शिक्का मारून घेतला, एकदा रजिस्टर पोस्टानं पाठवला. उत्तर आलं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. ठाण्याचं नाव, माणसांची नावं इथं मुद्दाम टाकत नाही, ती सगळी तुमच्याकडच्या अर्जात आहेत, आणि इथं टाकली की उद्या पहाटे गाडी कोणाच्या झोपडीसमोर उभी राहते ते मला माहीत आहे.

मागच्या नोव्हेंबरात माझ्या खालच्या वावरातल्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, पाच एचपीची, केबलसकट. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईन होती त्यामुळं मी रात्रभर वरच्या वावरात, तिथं बोअर आहे, हरभऱ्याला स्प्रिंकलर लावून बसलो होतो. माझ्यासोबत माझा राखणदार होता. भाऊच म्हणतो मी त्याला, सात वर्षं झाली माझी जागल करतोय. दर दोन-तीन तासानं आम्ही दोघं मिळून पाईप बदलत होतो आणि मधल्या वेळात तो डब्बा वाजवून रानडुकरं हाकलत होता. सकाळी खाली गेलो तर विहिरीवर नुसता दोर लोंबकळत होता.

भाऊ फासेपारधी आहे. गावापासून दोन किलोमीटरवर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जागेत त्यांचा तेरा-चौदा घरांचा बेडा, म्हणजे वस्ती आहे.

ठाण्यात रिपोर्ट द्यायला गेलो. जमादार साहेबांनी विचारलं, कोणावर संशय? म्हटलं कोणावरच नाही. तर म्हणाले, "तुमच्या शिवारात पारध्यायचा बेडा हाये ना? मंग संशय काय इचारा लागते?" मी म्हटलं साहेब, त्यातला जो माझ्या वावरात असतो तो रात्रभर माझ्यासोबत होता, मी स्वतः पाहिलंय. ते म्हणाले, "ते आमी पाहू." मी सही केली, कॉपी घेतली आणि घरी आलो.

ही बुधवारची गोष्ट. शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास बेड्यावर दोन गाड्या गेल्या आणि तीन माणसं उचलून आणली. एक भाऊ, एक त्याचा साडू, आणि एक सोळा वर्षांचं पोट्टं जे आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुट्टीत घरी आलं होतं आणि ताप होता म्हणून परत गेलं नव्हतं. झोपड्यांत शिरून पेट्या उलट्या केल्या, ज्वारीचा डब्बा दारात ओतला, त्यावरून बूट घालून माणसं चालली. बायका दोन दिवस ती ज्वारी मातीतून निवडत होत्या, मी गेलो तेव्हा सूप घेऊन बसल्या होत्या, कोणी वर पाहिलं नाही.

मला हे सगळं शनिवारी कळलं. बेड्यावरचे मोबाईल गाडीतच टाकून नेले होते त्यामुळं कोणाचा फोन यायचा प्रश्नच नव्हता. ठाण्यातल्याच एका शिपायानं, नाव सांगणार नाही, त्याच्या नोकरीवर येईल, बाहेर जाऊन मला फोन केला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या मोटारीपाई लय मारून राह्यले, तुमी येऊन जा." मी गेलो. दोन तास बाकावर बसवलं. शेवटी सांगितलं की असं कोणी इथं आणलेलंच नाही. भिंतीपलीकडून आवाज येत होता साहेब. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, रात्री वावरात डुकरं हाकलताना सात वर्षं ऐकलेला.

रविवारी दुपारी तिघांना सोडलं. सोमवारी सकाळी भाऊ माझ्या दारात आला. चप्पल हातात होती. तळपाय इतके सुजले होते की चप्पलेत जात नव्हते, टाचा टेकत नव्हत्या, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत आला, दोन किलोमीटर. तळव्याची कातडी काळीनिळी आणि ताणून चकचकीत झालेली, जशी पिकलेल्या जांभळाची असते. माझ्या आईनं बाज टाकली तर बसला नाही, बसता येत नव्हतं. आणि उभ्या उभ्या मला म्हणाला, "पाटील, मोटार म्या नाई नेली जी."

मला सांगत होता तो. मला, जो त्या रात्री त्याच्यासोबत पाईप उचलत होता.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आईनं आतून चहा आणला तो कोनाड्यातल्या कपात, जो आमच्या घरी त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला असतो, दांडी तुटलेला. ते मी लपवत नाही. पोलिसांना सगळं लिहायचं आणि आपल्या घरचा कोनाडा लपवायचा हे मला जमणार नाही. त्या दिवसापासून तो कप आमच्या घरात नाही, पण सात वर्षं होता, आणि जमादार साहेबांनी ठाण्यात जे म्हटलं ते आमच्या पारावर रोज म्हणतात. कोणाची कोंबडी गेली तरी पहिलं नाव बेड्याचं येतं.

आता मुद्द्यावर येतो.

तुमच्या लोकांनी या तिघांना अटक दाखवलीच नाही. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे घटनेच्या कलम २२ मधे लिहिलंय, मी काही वकील नाही पण हे आता शाळेतलं पोरगंही सांगतं. शुक्रवार पहाट ते रविवार दुपार म्हणजे पंचावन्न-छप्पन तास होतात. स्टेशन डायरीत नोंद नाही, अटकेचा मेमो नाही, नातेवाईकाला कळवलं नाही, डॉक्टरकडे नेलं नाही. हे सगळं करायलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू केसमधे १९९६ साली सांगितलं आणि प्रत्येक ठाण्यात त्याचा बोर्ड लावायचा असतो. आमच्या ठाण्यात तो आहे, मी त्या बोर्डाखालच्याच बाकावर दोन तास बसलो होतो.

सोळा वर्षांच्या पोराला लॉकअपमधे ठेवताच येत नाही. त्याला मोठ्यांसोबत दोन रात्री ठेवलं आणि मारलं. ते पोरगं आता शाळेत परत जायला तयार नाही, गावाच्या बस स्टँडवर पोलीस दिसतात म्हणून. तुम्हाला कल्पना नसेल साहेब की बेड्यावरचं एक पोरगं नववीपर्यंत पोचणं काय असतं. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले नावाच्या फासेपारधी शिक्षकानं आपली सरकारी नोकरी सोडून पारध्यांच्या पोरांसाठी प्रश्नचिन्ह नावाची शाळा काढली, भीक मागणारी पोरं गोळा करून आणली, तेव्हा कुठं या समाजात शाळेचं वारं थोडं फिरलं, आणि त्याही शाळेचा काही भाग समृद्धी महामार्गात गेला. इतक्या मुश्किलीनं एक पोरगं वर येतं आणि दोन रात्रींत त्याचं शिक्षण संपतं.

झडतीचं बोलायचं तर १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं. झालं असेल तर दाखवा. चार मोबाईल नेले त्याची पावती नाही, दोन परत आले, दोन अजून नाहीत. आणि सोडताना तिघांचे कोऱ्या कागदावर अंगठे घेतले. त्या पोराला सही येते, तरी त्याचा अंगठाच घेतला.

दवाखान्याचं पण ऐका. मी भाऊला मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथं म्हणाले पोलिसांचं पत्र आणा, मगच एमएलसी, म्हणजे मारहाणीची पोलीस केस म्हणून नोंद करू. ज्यांनी मारलं त्यांच्याचकडून पत्र आणायचं. खरं म्हणजे मारहाणीचा पेशंट आला की डॉक्टरनं स्वतःच एमएलसी नोंदवून पोलिसांना कळवायचं असतं, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं, नंतर एका वकील ताईनं सांगितलं. त्या दिवशी कागदावर "पायाला सूज, पडल्यामुळे" असं लिहून गोळ्या दिल्या. पडल्यामुळे. दोन्ही तळपायांवर एकसारखा कोणता माणूस पडतो?

हा "पडला" शब्द वाचला आणि मला अमेरिकेतली ती गोष्ट आठवली. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमधे जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलीस ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा देऊन बसला, माणूस मेला, आणि पोलिसांच्या पहिल्या पत्रकात होतं की त्याला मेडिकल त्रास झाला. बाजूला उभ्या सतरा वर्षांच्या पोरीनं मोबाईलवर शूटिंग केलं नसतं तर तेच पत्रक खरं ठरलं असतं. पुढं त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. तिकडं कातडीचा रंग पाहतात, आमच्याकडं बेड्याचा पत्ता पाहतात. आणि आमच्याकडं शूटिंग करायला मोबाईलच ठेवला नव्हता कोणाकडं. म्हणून मी माहितीच्या अधिकारात ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज मागितलं. उत्तर आलं की तांत्रिक बिघाडामुळं त्या काळात कॅमेरे बंद होते. सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी केसमधे सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट कॅमेरे पाहिजेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, नाही जमलं तर निदान एक वर्ष ठेवायचं. बिघाड झाला असेल तर तो कधी झाला, कोणी कळवला, कधी दुरुस्त झाला याची नोंद असेलच. ती पण मागितली, ती पण आली नाही.

आता मोटारीचं सांगतो. मोटार सापडली. सोळा दिवसांनी शेजारच्या तालुक्यात एका भंगारवाल्याकडं केबल सोलताना पकडली आणि चोर निघाला आमच्याच गावातला, आमच्याच जातीचा, माझ्या भावकीतला पोरगा. ऑनलाईन गेममधे पैसे हरला होता म्हणे. त्याला ठाण्यात बोलावलं, त्याचे वडील गेले, सोबत गावचे चार मोठे लोक गेले, खुर्च्या दिल्या, चहा आला, नोटीस देऊन संध्याकाळी घरी पाठवलं. कोणी त्याला हात लावला नाही. आणि साहेब, मी नीट लिहितोय, त्यालाही मारायला पाहिजे होतं असं माझं म्हणणं नाही. त्याच्याशी जे वागले ते कायद्यानं बरोबर वागले. एवढंच विचारतो की गुन्हा केलेल्याला खुर्ची आणि जो रात्रभर माझ्यासोबत होता त्याला पट्टा, हे कोणत्या कलमात बसतं?

चोर सापडल्यावर कोणी बेड्यावर जाऊन सांगितलंसुद्धा नाही की बाबा, तुमची चूक नव्हती.

हे एका जमादाराच्या रागातून झालं असं मला वाटत नाही. १८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राईब्ज ॲक्ट आणला, पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायचं, हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून हे लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण मागून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं १९५९ चा, आणि ठाण्यातल्या रजिस्टरांनी तीच नावं पुढं चालवली. भाऊच्या आज्याचं नाव त्या वहीत होतं, बापाचं होतं, आता त्याचं आहे, आणि त्याच्यावर आजपर्यंत एकही गुन्हा सिद्ध झालेला नाही. तितर-लावे धरायचा त्यांचा धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाला, जमीन कोणी दिली नाही, मग राखण करून, कापूस वेचून जगतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता केसमधे जेलमधल्या जातीभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये हेही सांगितलं. आमच्या ठाण्यात हा निकाल कोणी वाचलाय का, हे विचारायला मी गेलो होतो. "कोर्टाचं कोर्टात," एवढं उत्तर मिळालं.

आणि कोर्टात जायचं म्हणजे काय असतं तेही आपण पाहिलंय. डिसेंबर २०२४ मधे परभणीत वडार समाजाचा, लॉ शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा म्हणून त्याच्या आईला हायकोर्टापर्यंत जावं लागलं, २०२५ च्या जुलैत आदेश आला. ती माउली लढली. बेड्यावरची बाई औरंगाबाद नाही तर नागपूर खंडपीठापर्यंत कशी जाणार, एसटीच्या तिकिटाला पैसे नसतात.

मला काही लोक म्हणाले, पत्रानं काय होते? तर सांगतो. आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या ठाण्यात, १९७२ साली एका आदिवासी पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ मधे सोडून दिलं, अंगावर जखमा नाहीत म्हणून. त्यावर १९७९ मधे कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मधे कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कलमं आली. मी प्राध्यापक नाही. पण त्या पत्राचा विषय आमच्याच मातीतला होता आणि एवढं मला पुरेसं आहे.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

त्या तीन दिवसांत ठाण्यात ज्यांनी हे केलं त्यांच्यावर गुन्हा नोंदवा. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणजे ॲट्रॉसिटी कायदा लागतो आणि त्याचा तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, तो आमच्या उपविभागाबाहेरचा द्या. चौकशी होईपर्यंत संबंधित लोकांना इथून हलवा, कारण ते इथं असताना बेड्यावरचं कोणी तोंड उघडणार नाही, मी तीनदा विचारून पाहिलंय.

सीसीटीव्हीची हार्डडिस्क आणि बिघाडाची नोंद आजच्या आज ताब्यात घ्या. अजून वर्ष झालं नाही.

तिघांची सरकारी खर्चानं पूर्ण तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी करा. भाऊच्या डाव्या पायाच्या दोन बोटांत अजून बधिरपणा आहे, थंडीत रात्री जागलीला गेला की पाय ओढतो. त्या पोराच्या शाळेत तुमच्या अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात, जाऊन हेडमास्तरांना सांगावं की याच्यावर काहीही गुन्हा नाही. गावात वेगळंच पसरलंय.

कोऱ्या कागदावरचे अंगठे परत करा किंवा आमच्यासमोर फाडा. दोन मोबाईल द्या. ज्यांच्यावर गुन्हा शाबीत नाही त्यांची नावं संशयितांच्या यादीतून काढा आणि काढल्याचं त्यांना लेखी द्या, वाचता येत नसलं तरी द्या, ते कागद जपून ठेवतात, पेटीत रेशनकार्डासोबत.

पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून एक व्यवस्था आहे, प्रकाश सिंग केसच्या २००६ च्या निकालातून आली, महाराष्ट्रात कायद्यात २०१४ ला बसली. तिथं तक्रार कशी करायची, पत्ता काय, हे प्रत्येक ठाण्याबाहेर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत मोठ्या अक्षरात लावा. मला हे शोधायला तीन महिने लागले, माझ्याकडं मोबाईल आहे, मी बारावी शिकलोय, तरी.

आणि बेड्यावर एकदा स्वतः या. दिवसा या, एकाच गाडीनं. तिथली लहान पोरं गाडीचा आवाज आला की अजून तुरीत जाऊन लपतात, मागच्या आठवड्यात खताचा टेम्पो चुकून तिकडं वळला तर चार तास एक पोरगी सापडली नव्हती.

गावाचं गावात मी पाहतो. ग्रामसभेत हा विषय मांडलाय, भांडण झालं, पुन्हा मांडणार. भावकीनं माझ्याशी बोलणं सोडलंय ते माझं मी बघून घेईन.

तुम्हाला शेवटचं काम सांगतो, ते तुमच्या एका फोननं होईल. मोटार कोर्टानं सुपूर्दनाम्यावर मला द्यायला सांगितली आहे. येत्या सोमवारी अकरा वाजता ती घ्यायला मी ठाण्यात येतोय. सोबत माझा पुरवणी जबाब आणतोय, की चोरीच्या रात्री राखणदार माझ्यासोबत होता, की मी हे रिपोर्ट देतानाच सांगितलं होतं आणि ते लिहून घेतलं नाही. आधी दोनदा हा जबाब घ्यायला नकार मिळालाय. भाऊ सोबत येणार नाही, तो अजून ठाण्याच्या रस्त्यानं जात नाही, बाजाराला जायचं तरी नाल्यातून फिरून जातो. मी एकटाच येईन. जबाब लिहून घ्यायला सांगा आणि मला त्याची पोच द्या. पोच मिळाल्याशिवाय मी मोटार उचलणार नाही, हरभऱ्याचं जे व्हायचं ते होवो.

तुमचा,
तुमच्या जिल्ह्यातला एक कास्तकार